चॉकलेटच्या पेयाची कुळकथा

हिवाळ्याच्या रात्रीं शहरांतील कित्येक घरांत मुलांच्या हातीं वाफाळलेल्या चॉकलेटचा पेला दिला जातो. त्याची सिद्धता अगदीं सोपी असते. डब्याचें झांकण काढावें, दोन चमचे पूड पेल्यांत घालावी, वर कढत दूध ओतावें आणि ढवळावें, कीं झालें! ती पूड कोणीं कालविली, तींत काय काय आहे व किती प्रमाणांत आहे, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. डबा भरणारानें तो विचार आधींच करून ठेवला आहे, असें गृहिणी समजते. परंतु चॉकलेटच्या पेयाच्या इतिहासांत डब्याचा काळ अगदींच थोडा आहे. पेय हजारों वर्षांचें जुनें आहे. त्याची कोरडी पूड मात्र जेमतेम दोनशें वर्षांची. त्यापूर्वीं हें मिश्रण नजरेसमोर पाट्यावर वाटलें जाई, आणि त्यांत काय घालावें व काय घालूं नये हें घरचीच रुचि ठरवीत असे. मिश्रण करणारा हात घरांतून बाहेर कसा गेला, बाहेर गेल्यावर त्यानें काय केलें, आणि तो पुन्हां घरांत आणल्यानें काय साधतें व काय साधत नाहीं, हें या पेयाच्या कुळकथेवरून चांगलें कळून येतें.

प्रथम झाडाची ओळख करून घेतली पाहिजे. कोकोचें झाड विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांस सुमारें वीस अंशांच्या आंत, सावलीच्या व दमट जागीं वाढतें. फणसाप्रमाणें त्याचीं फळें बुंध्यालाच लागतात. एका फळांत पांढऱ्या, आंबटगोड गरानें वेढलेल्या तीस-चाळीस बिया असतात. ताजी बी चावून पाहिली तर ती कडू व तुरट लागते. चॉकलेटचा वास तिला मुळींच नसतो. तो यावा म्हणून गरासकट बियांचा ढीग केळीच्या पानांखालीं पांच ते सात दिवस आंबवावा लागतो. मग त्या बिया उन्हांत वाळवून, भाजून, टरफलें पाखडून वाटतात. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सोललेल्या बियांत निम्म्याहून थोडा अधिक भाग स्निग्धांशाचा असतो. त्यामुळें त्या वाटल्या असतां मिऱ्यांसारखी कोरडी पूड होत नाहीं. तिळासारखा तेलकट गोळा होतो. हा गोळा थंड झाल्यावर घट्ट होतो, पाण्यांत सहज मिसळत नाहीं, आणि त्याचें पेय करावयाचें तर तें घुसळावेंच लागतें. या पेयासंबंधींचें पुढील सारें पाककौशल्य आणि पुढील पुष्कळशी लबाडी या एकाच गुणधर्मापासून उगम पावली आहे.

दक्षिण अमेरिकेंतील इक्वेडोर देशांत सांता आना-ला फ्लोरिडा येथें सांपडलेल्या भांड्यांवरून कोकोचा उपयोग सुमारें ५,३०० वर्षांपूर्वीं होत होता, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. पण पेयाची संस्कृति खऱ्या अर्थानें बहरली ती मध्य अमेरिकेंत. ग्वाटेमालांतील रिओ आझूल येथें माया लोकांच्या एका थडग्यांत १९८४ सालीं फिरवून बसविण्याच्या झांकणाचें एक मातीचें भांडें मिळालें. तें इसवी सनाच्या पांचव्या शतकांतील असून त्याच्या अंगावर माया लिपींत ‘ककाव’ हा शब्द रंगविलेला होता. आणि तळाशीं वाळून राहिलेल्या साक्याची रासायनिक परीक्षा केली असतां तो कोकोच निघाला. आठव्या शतकांतील दुसऱ्या एका प्रसिद्ध माया पात्रावर एक स्त्री उभी राहून वरच्या भांड्यांतून खालच्या भांड्यांत उंच धार सोडीत आहे, असें चित्र आहे. हेतु फेंस आणण्याचा. आपल्याकडील हलवाई कढत दुधाची धार धरतो, तीच ही युक्ति. फेंसावरून पेयाची प्रत ठरत असे.

पुढें मेक्सिकोंत आझ्टेक लोकांचें साम्राज्य झालें. तेथें कोकोच्या बिया बाजारांत नाण्यांप्रमाणें चालत, आणि स्पॅनिश अंमल आल्यावरहि ती चाल मोडली नाहीं. १५४५ सालीं त्लाश्काला येथें लिहिलेल्या एका दरपत्रकांत चांगली टर्की कोंबडी १०० बियांना, तिचें अंडें ३ बियांना आणि एक मोठा टोमॅटो १ बियेला, असे भाव दिलेले आहेत. ज्या बियांनीं बाजार करावयाचा त्याच वाटून प्यावयाच्या, म्हणजे हें पेय श्रीमंतांचें व योद्ध्यांचें असावें यांत नवल नाहीं. त्या काळच्या मेक्सिकोची सविस्तर माहिती बर्नार्दिनो द साहागून या स्पॅनिश धर्मोपदेशकानें तद्देशीय पंडितांच्या साहाय्यानें त्यांच्याच नाव्हात्ल भाषेंत लिहून ठेविली. त्याचा तो ग्रंथ १५७७ च्या सुमारास पुरा झाला. राजाच्या पंक्तींत वाढल्या जाणाऱ्या कोकोच्या पेयांची त्यांत एक लांबलचक यादीच आहे: मधाचें, व्हॅनिलाचें, फुलांचें, लाल, केशरी, काळें, पांढरें. मिरची, शेंदरीच्या बिया आणि कानाच्या आकाराच्या पाकळ्यांचें एक मसालेदार फूल हींहि त्यांत पडत. एकाच पेयाचे नाना स्वाद करण्याची हौस आजची नव्हे, हें या यादीवरून दिसून येतें.

परंतु त्याच ग्रंथांत लबाड व्यापाऱ्याचेंहि वर्णन आहे. हा गृहस्थ राजगिऱ्याच्या पिठाचा गोळा, मेण किंवा अव्होकाडोच्या कोयीचे तुकडे घेऊन हुबेहूब कोकोच्या बिया बनवी आणि खऱ्या बियांत मिसळून विकी. म्हणजे भेसळ ही कारखान्याबरोबर जन्मली नाहीं. ती बियेइतकीच जुनी आहे. फरक एवढाच कीं, ज्या घरांत बी आंख्खी येते, तेथें ती फोडून, भाजून, वाटून पाहणारी बाई असते. खोटी बी पाट्यावर चढली कीं उघडी पडते. ही साधी परीक्षा पुढें केव्हां नाहींशी झाली, तें लवकरच दिसेल.

आझ्टेक लोक हें पेय बहुधा थंड पीत. स्पॅनिश वसाहतवाल्यांना तें आरंभीं फारसें रुचलें नाहीं. पण हळूहळू त्यांनीं तें ऊन करून, उंसाची साखर घालून पिण्याची चाल पाडली, आणि धार धरण्याऐवजीं आपल्या ताकाच्या रवीसारख्या लांकडी रवीनें तें घुसळण्याची रीति रूढ झाली. या रवीला ‘मोलिनिल्यो’ म्हणतात. १५४४ सालीं ग्वाटेमालांतील केक्ची माया लोकांचें एक शिष्टमंडळ धर्मोपदेशकांबरोबर स्पेनच्या राजपुत्राच्या भेटीस गेलें, त्याच्या नजराण्यांत घुसळलेल्या चॉकलेटचीं भांडीं होतीं. पुढें शंभर वर्षांच्या आंत चॉकलेट स्पेनमध्यें घरोघर नाहीं तरी वाड्यावाड्यांतून शिरलें.

१६३१ सालीं माद्रिद येथें अंतोनियो कोल्मेनेरो द लेदेस्मा या वैद्यानें चॉकलेटवर एक छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत मिश्रणाचें प्रमाण दिलें आहे. कोकोच्या बिया १००, लाल मिरच्या २, बडीशेपेची एक मूठ, थोडी दालचिनी, बदाम १२ व तितकेच हेझलनट, पांढरी साखर अर्धा पौंड, आणि रंगासाठीं शेंदरी. व्हॅनिला व मेक्सिकोंतील सुगंधी फुलें मिळाल्यास तींहि घालावीं. न मिळाल्यास गुलाबांची पूड चालेल, असें वैद्यबुवा सांगतात. या ‘न मिळाल्यास’ शब्दांत पुष्कळ अर्थ आहे. मूळ देशांतील फूल समुद्रापलीकडे मिळेना, तेव्हां घरच्या बागेंतील फुलानें तें काम केलें. पेय तेंच राहिलें, स्वाद मात्र त्या त्या भूमीचा झाला.

या यादींतील दोन जिनसा मराठी माणसाच्या विशेष परिचयाच्या आहेत. मिरची ही मूळची अमेरिकेची. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती गोव्याकडील पश्चिम किनाऱ्याला उतरली, आणि पाहतां पाहतां तिनें मराठी स्वयंपाकघराचा कबजा घेतला. दालचिनीचा प्रवास नेमका उलट दिशेनें झाला. ती सिंहलद्वीपाची. १५८० पासून १६४० पर्यंत स्पेन व पोर्तुगाल हीं दोन राज्यें एकाच राजाच्या छत्राखालीं होतीं, आणि सिंहलद्वीपाच्या दालचिनीचा व्यापार पोर्तुगीजांच्या हातीं होता. तेव्हां माद्रिदच्या त्या पेल्यांत पश्चिमेकडील मिरची आणि पूर्वेकडील दालचिनी यांची गांठ पडावी, हें स्वाभाविकच होतें. कोको स्वतः मात्र त्या काळीं मिरचीबरोबर कोंकणांत आला नाहीं. काजू आला, पपई आली, सीताफळ आलें. कोको मागें राहिला.

कोल्मेनेरोच्या रीतीनें सर्व जिनसा वाटून झाल्या म्हणजे तो ऊन गोळा कागदावर किंवा रुंद पानावर थापीत. निवल्यावर त्याच्या वड्या पडत. वडी कोरड्या जागीं पुष्कळ दिवस टिके. हवी तेव्हां पाण्यांत विरघळवून घुसळली कीं पेय तयार. म्हणजे झटपट पेयासाठीं आधींच करून ठेविलेलें मिश्रण ही कल्पना कारखानदाराची नव्हेच. ती पाट्यापाशीं बसणाऱ्या बाईची आहे. मेक्सिकोंत हें वाटण्याचें काम बहुधा तद्देशीय स्त्रिया गुडघे टेकून करीत, आणि पिणाऱ्या बहुधा त्यांच्या मालकिणी असत. टॉमस गेज या इंग्रज प्रवाशाच्या १६४८ सालच्या ग्रंथांत चियापा येथील स्त्रियांची एक कथा आहे. देवळांत प्रार्थना चालू असतां त्यांच्या दासी त्यांना चॉकलेटचे पेले आणून देत. बिशपानें हें बंद करावयास सांगितल्यावर त्यांनीं देवळालाच रामराम ठोकला! पुढें बिशप आजारी पडून मरण पावला, तेव्हां त्याच्याच चॉकलेटच्या पेल्यांतून विष गेलें अशी गांवांत कुजबुज झाली, असें गेज लिहितो. याच काळांत चॉकलेट प्याल्यानें उपवास मोडतो कीं नाहीं, यावर ख्रिस्ती धर्मशास्त्र्यांत मोठा वाद माजला होता. पेय पाण्यासारखें पातळ असेल तर उपवास मोडत नाहीं, आणि बदाम-पिठानें दाट केलें असेल तर मोडतो, अशा तऱ्हेची बारीक छाननी त्यांनीं केली. साबुदाणा चालतो कीं नाहीं याची चर्चा ऐकलेल्या घरांत हा वाद सहज समजेल. मुद्दा एवढाच कीं, पेल्यांत काय पडलें आहे हें पिणाराला ठाऊक असे, म्हणूनच त्यावर वाद घालतां येत होता.

स्वादाच्या या खेळांतील सर्वांत नाजूक कारागिरी इटलींत झाली. फ्लॉरेन्सचा अधिपति तिसरा कोसिमो द मेदिची याच्या दरबारीं फ्रांचेस्को रेदी हा नामांकित वैद्य व शास्त्रज्ञ होता. त्याच्या चमेलीच्या चॉकलेटची कीर्ति सर्वत्र पसरली, पण कृति गुप्त ठेवण्यांत आली होती. १६९७ सालीं रेदी वारला. त्यानंतर ती बाहेर पडली. भाजून भरडलेला कोको आणि ताज्या चमेलीचीं फुलें यांचे थरावर थर रचावयाचे. एक दिवसानें फुलें काढून नवीं घालावयाचीं. असें दहा-बारा वेळां करावयाचें. मग त्या सुगंधित कोकोंत साखर, व्हॅनिला, दालचिनी व किंचित् अंबर घालून तो वाटावयाचा. चमेलीचा अर्क किंवा पाणी यांत चालत नाहीं, कारण कोकोच्या स्निग्ध गोळ्यांत पाणी शिरलें कीं तो बिघडतो. वास हवा, ओल नको, हें या कृतीचें मर्म. आपल्याकडे तिळांना फुलांचे थर देऊन सुगंधी तेल काढण्याची जी जुनी रीति आहे, तिचेंच हें भावंड म्हणतां येईल.

इंग्लंडांत चॉकलेट घराऐवजीं प्रथम दुकानांत आलें. १६५७ सालीं लंडनच्या बिशप्सगेट भागांत तें विकत मिळूं लागलें. १६९३ सालीं उघडलेलें ‘व्हाइट्स’ हें चॉकलेटगृह पुढें सरदारांचा व जुगाऱ्यांचा नामांकित अड्डा झालें. १६८७ सालीं हॅन्स स्लोन हा तरुण डॉक्टर जमैका बेटांत गेला. चॉकलेट दुधांत शिजवून पिण्याची युक्ति त्यानेंच काढली असें पुढें सांगण्यांत येऊं लागलें. पण जमैकांत ती रीति आधींपासून होती, असें इतिहाससंशोधकांचें मत आहे. तें कांहीं असो. अठराव्या शतकांत लंडनच्या दुकानदारांनीं स्लोनच्या नांवाचें चॉकलेट विकण्यास आरंभ केला, आणि एकोणिसाव्या शतकांत कॅडबरी कंपनीनेंहि तें नांव आपल्या मालावर छापलें. घरच्या रुचीची जागा येथें पुड्यावरील नांवानें घेतली. जमैकांत ज्या गुलामांच्या श्रमावर ऊंस व कोको पिकत होता, त्यांचें नांव अर्थातच कोणत्याहि पुड्यावर नव्हतें. स्लोनच्या पत्नीला जमैकांतील मळ्यांच्या उत्पन्नाचा वारसा मिळालेला होता, ही गोष्टहि पुड्यावर छापण्यासारखी नव्हती.

आतां ती पूड. १८२८ सालीं हॉलंडमध्यें व्हान हौटेन कुटुंबानें एका दाबयंत्राची सनद मिळविली. या यंत्रानें वाटलेला कोको दाबून त्यांतील निम्म्याहून अधिक स्निग्धांश काढून घेतां येऊं लागला. जी ढेप मागें राहिली, ती दळून प्रथमच कोरडी पूड झाली. शिवाय कोकोवर पापडखारासारख्या क्षाराची प्रक्रिया केल्यानें त्याचा आंबटपणा गेला, रंग गडद झाला, आणि तो दुधा-पाण्यांत अधिक सहजतेनें मिसळूं लागला. पाटा गेला, रवी गेली. चमचा पुरे झाला. काढलेल्या लोण्याचाहि उपयोग झाला. तेंच जास्त घालून १८४७ सालीं इंग्लंडांतील फ्राय कंपनीनें खाण्याच्या चॉकलेटची वडी केली. पेय म्हणून हजारों वर्षें जगलेली वस्तु खाऊ बनली, ती येथून.

परंतु यंत्र महाग होतें, आणि बहुतेक कारखानदार जुन्या रीतीनेंच कोको वाटीत राहिले. पेल्यावर तेलाचा तवंग येई, तो शोषून घेण्यासाठीं ते कोकोंत बटाट्याचें सत्त्व, साबुदाण्याचें पीठ, आरारूट असे पदार्थ मिसळीत. पीठ स्वस्त, कोको महाग. तेव्हां पिठाचें प्रमाण वाढत गेलें. पिठानें रंग फिका पडला, म्हणून लाल रंगासाठीं गेरू व विटांची भुकटी आली. आरंभीं तवंगावर केलेला उपाय शेवटीं भेसळ झाला. १८५० नंतरच्या कांहीं वर्षांत लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्राचे संपादक टॉमस वेकली यांनीं डॉक्टर आर्थर हिल हॅसॉल यांच्याकडून बाजारांतील खाद्यपदार्थांची सूक्ष्मदर्शकाखालीं परीक्षा करविली आणि विकणारांचीं नांवें व पत्ते छापले. चॉकलेटच्या नमुन्यांत पिष्टाचे कण व माती सांपडली. या खळबळीतून इंग्लंडांत १८६०, १८७२ व १८७५ सालीं भेसळविरोधी कायदे झाले. ज्या लबाडीला मेक्सिकोंतील पाट्यावरची बाई उघडें पाडीत होती, तिला आतां सूक्ष्मदर्शक व कायदा यांची जरूर पडूं लागली. कारण पूड ही वस्तु आंख्खी नसते, ती आधींच कोणीतरी वाटलेली असते. १८६६ सालीं कॅडबरी कंपनीनें हॉलंडचें यंत्र आणून निर्भेळ कोको काढला, आणि शुद्धता हीच त्याची जाहिरात केली.

पुडींत काय आहे, हा प्रश्न असा पुष्कळ अंशीं सुटला. पुडीमागें कोण आहे, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. व्हॅनिलाचीच गोष्ट पाहावी. ही वेल मेक्सिकोबाहेर वाढे, फुले, पण तिला शेंगा धरत नसत. कारण तिचें परागण करणारे कीटक दुसरीकडे नव्हते. १८४१ सालीं हिंदी महासागरांतील रेयुनियों बेटावर एदमों आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें काडीनें व अंगठ्यानें फुलाचें परागण करण्याची सोपी रीति शोधून काढली. व्हॅनिलाची जगभर होणारी लागवड आजहि त्याच रीतीवर उभी आहे. १८४८ सालीं त्याची गुलामगिरींतून सुटका झाली. पण संपत्ति इतरांनीं मिळविली, आणि तो १८८० सालीं दारिद्र्यांतच मरण पावला.

कोकोची कथा याहून मोठी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील कोकोचा मोठा भाग आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील साओ तोमे व प्रिन्सिपे या पोर्तुगीज बेटांतून येई. तेथील मळ्यांवर अंगोलांतून धरून आणलेले मजूर कराराच्या नांवाखालीं राबत, आणि परत कधींच जात नसत. हेन्री नेव्हिन्सन यानें स्वतः पाहून आलेला हा प्रकार १९०६ सालीं ग्रंथरूपानें मांडला. कॅडबरी हें कुटुंब क्वेकर पंथाचें, गुलामगिरीचें कट्टर विरोधी. त्यांनीं १९०५ सालीं आपला माणूस चौकशीला धाडला, पण खरेदी थांबविली ती १९०९ सालीं. हा विलंब कां, असा सवाल ‘स्टँडर्ड’ या पत्रानें टाकला, तेव्हां कंपनीनें अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९०९ च्या डिसेंबरांत ज्यूरीनें निकाल कंपनीच्या बाजूनें दिला, आणि नुकसानभरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा भाग! ज्यूरीला काय वाटलें असावें, हें त्या आकड्यावरून ज्यानें त्यानें समजावें. खरेदी तेथून हटून आजच्या घाना देशाकडे वळली. १९११ पर्यंत तो कोकोच्या निर्यातींत जगांत पहिला झाला. आज घाना व आयव्हरी कोस्ट हे दोन देश मिळून जगाचा निम्म्याहून अधिक कोको पिकवितात. आणि शिकागो विद्यापीठांतील एका संशोधनसंस्थेच्या २०२० सालच्या अहवालाप्रमाणें तेथील कोकोच्या पट्ट्यांत सुमारें १५ लक्ष ६० हजार मुलें बालमजुरींत गुंतलेलीं होतीं.

हिंदुस्थानांत कोकोचें झाड १७९८ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें तामीळ मुलुखांतील कुट्रालम येथें लावविलें. पण व्यापारी लागवड स्वातंत्र्यानंतर, १९६५ च्या पुढें, प्रथम केरळांत वाढीस लागली. नारळी-पोफळीच्या सावलींत हें झाड सुखानें वाढतें. पोफळीच्या बागाइतदारांची ‘कॅम्पको’ ही सहकारी संस्था १९७३ सालीं मंगळूर येथें स्थापन झाली, आणि १९८६ सालीं पुत्तूर येथें तिनें स्वतःचा चॉकलेटचा कारखाना काढला. म्हणजे देशी कोको आज दुर्मिळ राहिलेला नाहीं. उलट डब्यांतील गोड पुडीविषयीं शंका वाढल्या आहेत: २०२४ सालीं केंद्र सरकारनें इंटरनेटवरून माल विकणाऱ्या कंपन्यांना अशीं पेयें ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरांतून काढावयास सांगितलें, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यांत तशा पेयाची व्याख्याच नाहीं.

तेव्हां मिश्रण पुन्हां घरीं करावयाचें झाल्यास काय करावें? कृति जुन्या अनुभवांतूनच सिद्ध होते. बिनसाखरेची कोको पूड एक वाटी, पिठीसाखर एक वाटी, दुधाची पूड एक वाटी, मीठ पाव चमचा आणि दाटपणा हवा असल्यास कॉर्नफ्लॉवर दोन चमचे. हें सर्व बारीक चाळणीनें दोनदां चाळून कोरड्या बरणींत भरावें. कोकोंत उरलेला स्निग्धांश पाण्याला दूर लोटतो, म्हणून पुडीच्या गुठळ्या होतात. साखरेचे कण मध्यें शिरले म्हणजे त्या मोडतात. पेल्याला दोन मोठे चमचे मिश्रण घ्यावें, आधीं दोन चमचे ऊन दुधांत खलून त्याची लापशी करावी, मग उरलेलें दूध घालून मंद आंचेवर एक उकळी आणावी, आणि रवीनें घुसळावें. उकळी न आल्यास कॉर्नफ्लॉवर कच्चें लागतें. रवी माया-आझ्टेकांच्या फेंसाची आठवण करून देईल.

स्वादाचे प्रकार याच मिश्रणाचे भाग पाडून करावे. एका भागांत दालचिनीची पूड एक चमचा. दुसऱ्यांत वेलदोड्याची पूड अर्धा चमचा व जायफळ चिमूटभर. तिसऱ्यांत लाल तिखट अगदीं पाव चमचा, म्हणजे कोल्मेनेरोचा आशीर्वाद मिळेल. चौथ्यांत कॉफीची विरघळणारी पूड दोन चमचे. पांचव्यांत संत्र्याच्या सालीचा वरचा पिवळा भाग कडकडीत वाळवून केलेली पूड. व्हॅनिलाची शेंग मिळाल्यास ती चिरून पंधरा दिवस साखरेंतच पुरून ठेवावी. तीच साखर दळून मिश्रणांत घालावी. अर्काचे थेंब कोरड्या पुडींत टाकूं नयेत, तिचा गोळा होतो. वास हवा, ओल नको, हा रेदीचा नियम तीनशें वर्षांनंतरहि खरा ठरतो. असें मिश्रण कोरडें राहिल्यास दोन-तीन महिने उत्तम टिकतें.

एवढें केल्यानें साखर किती, पीठ किती, स्वाद कशाचा, हें घराला पुन्हां ठाऊक होतें. विटांच्या भुकटीला व नांवाच्या छापाला तेथें जागा उरत नाहीं. मात्र कोकोची पूड तरीहि कोणीतरी आधीं वाटलेलीच असते, आणि ती कोणाच्या मळ्यांतून व कोणाच्या हातांनीं आली, हें चाळणीला कळत नाहीं. तें पुडक्यावर छापलेलें असेल तर वाचावें लागतें, नसेल तर दुकानदाराला विचारावें लागतें. आणि गिऱ्हाईक विचारूं लागल्यावांचून विकणारा सांगूं लागत नाहीं, हा लॅन्सेटच्या काळाचा धडा आहे.

मेक्सिकोंतील ओआहाका शहरांत आजहि कुटुंबें बाजारांतून बिया पारखून घेतात आणि गिरणीवर नेतात. गिरणीवाला बिया, साखर, बदाम व दालचिनी यांचें प्रमाण आपण ठरवीत नाहीं; तें प्रत्येक घराचें निराळें असतें, आणि घरची बाई तें तेथें उभी राहून सांगते. यंत्र गिरणीचें, पण मिश्रण घरचें. डाळीचें पीठ गिरणीवर समोर उभें राहून दळून आणणाऱ्या महाराष्ट्रांतील गृहिणीला ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज पडणार नाहीं.